मुलाखतीची तयारी म्हणजे उत्तरे पाठ करणे का?

काठावरची

नमस्कार मंडळी. अकरा वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीला जाण्याचा प्रसंग आला आहे आणि हातात बरोबर नऊ दिवस आहेत, म्हणून हा धागा. मी एका कंपनीच्या गोदामात मालाचा साठा, आवक-जावक आणि त्यांच्या नोंदी हे काम पाहते. लागले तेव्हा नोंदी करणारी लेखनिक होते, आज सहा जणांच्या गटाची प्रमुख आहे. मधल्या दोन्ही बढत्या मुलाखतीवाचून मिळाल्यामुळे स्वतःविषयी चार वाक्ये सलग बोलण्याची वेळच कधी आली नाही. आता दुसऱ्या एका ठिकाणाहून पुरवठा विभागाच्या उपव्यवस्थापकाच्या जागेसाठी बोलावणे आले आहे.

गेल्या आठवड्यात मी नेहमी विचारले जाणारे साठ प्रश्न एका वहीत उतरवले, प्रत्येकाचे उत्तर लिहिले आणि ती सगळी उत्तरे पाठ केली. परवा धाकट्या बहिणीला समोर बसवून वही तिच्या हातात दिली. वहीत सतरावा प्रश्न "तुमच्या कामातील सर्वांत मोठी अडचण कोणती होती?" असा होता, तिने खोडसाळपणे "तुमचे कधी काही चुकले आहे का?" असे विचारले. दोन्हींचे उत्तर एकाच प्रसंगात होते आणि तो प्रसंग मला झोपेत उठवून विचारला तरी सांगता येईल, तरीही मी अर्धा मिनिट तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

तर पाठांतराचा मार्गच चुकला, की माझे पाठांतर कच्चे आहे? उरलेल्या नऊ दिवसांत नेमके काय करावे? "आत्मविश्वास ठेवा" हा सल्ला कृपया देऊ नये. द्यायचाच असेल तर तो कुठे मिळतो तेही लिहावे.

दुपारची_झोप

आत्मविश्वास ठेवा.

क्षमस्व, मोह आवरला नाही. पुढच्या महिन्यात मलाही अशाच एका खुर्चीत बसायचे आहे, तेव्हा येथे रुमाल टाकून ठेवतो आणि शहाण्यासारखे वाचतो.

ताठ_कणा

आपण साऱ्या जणी आणि सारे जण उत्तरांच्या मजकुरावर नको इतका भर देतो, असे माझे मत आहे. संवादात शब्दांचा वाटा अवघा ७ टक्के असतो, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५, हे तर सर्वज्ञात आहे. म्हणून वही मिटून ठेवावी आणि बसण्याची ढब, हस्तांदोलन, नजर यांवर मेहनत घ्यावी. आत जाण्यापूर्वी दोन मिनिटे कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून ताठ उभे राहावे. शरीरातील संप्रेरके बदलतात आणि माणूस निर्भय होतो. मी दोनदा करून पाहिले आहे आणि दोन्ही वेळा उपयोग झाला.

शंकासुर

ताठ_कणा, ते ७-३८-५५ "सर्वज्ञात" आहे हे खरे, पण त्याचा अर्थ फार थोड्यांना ज्ञात आहे. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहरॅबियन यांनी १९६७ मध्ये केलेल्या दोन छोट्या प्रयोगांतून ते आकडे जोडले गेले. प्रयोगात सुटे शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवले होते, काही वेळा सोबत चेहऱ्याची छायाचित्रे दाखवली होती, आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, हे ऐकणारा कशावरून ओळखतो. शब्द एक सांगत असताना सूर वेगळेच सांगू लागला तर आपण सुरावर विश्वास ठेवतो, इतकाच त्याचा मथितार्थ. साठ्याच्या नोंदी कशा ठेवता, या प्रश्नाला तो लागू पडत नाही. शब्दांना खरोखरच सात टक्के महत्त्व असते तर अजिबात न येणाऱ्या भाषेतली मुलाखतही आपल्याला त्र्याण्णव टक्के समजली असती.

कमरेवर हात ठेवण्याचा प्रयोग २०१० मधला, ४२ जणांवर केलेला. २०१५ मध्ये दुसऱ्या चमूने तो २०० जणांवर पुन्हा केला, तेव्हा लोकांना बलवान झाल्यासारखे वाटले, पण संप्रेरकांत किंवा वागण्यात फरक आढळला नाही. आणि २०१६ मध्ये मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिकेनेच तो परिणाम खरा आहे असे आपल्याला आता वाटत नाही, असे जाहीर केले. उभे राहायला हरकत नाही, पाय मोकळे होतात.

माझे स्वतःचे मत याहून निराशेचे आहे. १९१५ मध्ये मानसशास्त्रज्ञ वॉल्टर डिल स्कॉट यांनी ३६ उमेदवारांच्या मुलाखती सहा व्यवस्थापकांकडून घेवविल्या, तर कोण वरच्या निम्म्यात आणि कोण खालच्या निम्म्यात यावरही त्यांचे जमेना. पुढे १९२० मध्ये थॉर्नडाइक यांनी लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले, तेव्हा ज्याची शरीरयष्टी चांगली त्याची बुद्धीही चांगली आणि नेतृत्वही चांगले, असे सगळे गुण एकाच ओढीने वर गेलेले दिसले. शंभर वर्षे झाली, माणसे तीच आहेत. मुलाखत ही सोडत आहे. तयारीसाठी जीव काढू नये.

जुना_पारखी

शंकासुर यांनी दिलेला इतिहास खरा आहे, पण तो अर्ध्यावर थांबला आहे. गेली सतरा वर्षे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो, म्हणून तिकडून काय दिसते ते सविस्तर लिहितो.

स्कॉट यांच्या काळातील मुलाखत म्हणजे गप्पा असत: ज्याला जे सुचेल ते त्याने विचारायचे आणि शेवटी मनाचा कौल सांगायचा. त्यावरून माणूस पुढे काम कसे करील याचा अंदाज फारसा लागत नाही, हे नंतर वारंवार दिसले. याउलट सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारले आणि प्रत्येक उत्तराला आधी ठरलेल्या कसोटीवर गुण दिले, तर चित्र बदलते. ० म्हणजे मुलाखतीचा आणि पुढच्या कामाचा काही संबंध नाही आणि १ म्हणजे अंदाज तंतोतंत, अशी मोजपट्टी धरा. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात अशा आखीव मुलाखतीला ०.५१ आणि मोकळ्या मुलाखतीला ०.३८ मिळाले होते. २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच गणित अधिक काटेकोरपणे मांडले, तेव्हा हे आकडे अनुक्रमे ०.४२ आणि ०.१९ इतके उतरले, पण निवडीच्या सगळ्या पद्धतींमध्ये आखीव मुलाखत पहिल्या क्रमांकावर आली. सोडत म्हणावी तर हा आकडा मोठा आहे आणि परीक्षा म्हणावी तर लहान. मात्र आपल्या हातात काही आहे, एवढे त्यावरून नक्की दिसते.

पुढे नोबेल मिळवलेले डॅनियल कानेमन १९५५ मध्ये एकवीस वर्षांचे होते, तेव्हा इस्रायली सैन्यात भरतीच्या मुलाखतींची पद्धत सुधारण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी सहा गुण ठरवले, प्रत्येक गुणासाठी घडलेल्या गोष्टींबद्दलचेच प्रश्न लिहून दिले आणि एक गुण पाचपैकी मोजून झाल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचे नाही, असा नियम घातला. मुलाखतकार चिडले, आम्हाला यंत्रे केलेत, म्हणाले. मग त्यांचा मान राखण्यासाठी शेवटी डोळे मिटून मनाचा कौल लिहिण्याची मुभा दिली. गंमत अशी की सहा गुणांच्या बेरजेने जुन्या पद्धतीपेक्षा पुष्कळ चांगला अंदाज दिलाच, पण आधी शिस्तीने मोजमाप केल्यावर मिटल्या डोळ्यांचा कौलही तितकाच चांगला ठरला.

आता माझ्या समोरचा कागद कसा असतो ते सांगतो, कारण काठावरची यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदातच आहे. डावीकडे पाच विषय छापलेले असतात: नियोजन, माणसे सांभाळणे, बिघडलेले निस्तरणे असे काही. प्रत्येकासमोर १ ते ५ हे आकडे आणि त्याखाली चार ओळींची मोकळी जागा. नियम असा की त्या चार ओळींत उमेदवाराने *काय केले* ते लिहिल्याशिवाय आकड्याभोवती गोल करता येत नाही. उमेदवार छान बोलत राहतो, मी पेन धरून बसलेला असतो आणि चार ओळी कोऱ्याच राहतात, असे निम्म्या मुलाखतींत घडते. कारण तो म्हणतो, "मग ते काम मार्गी लागले." "नंतर पद्धत बदलण्यात आली." "शेवटी सगळे सुरळीत झाले." कर्त्याला वाक्यातून उचलून बाजूला ठेवण्याची आपल्या भाषेला फार जुनी सवय आहे, मुलाखत कोणत्याही भाषेत असली तरी ही सवय आपल्याबरोबर आत येते. झाले, पण कोणी केले? करण्यात आले, पण कोणाकडून? मी विचारतो, तेव्हा उत्तर येते, "आम्ही सगळ्यांनी."

प्रश्न साधारणपणे दोन जातींचे असतात. "असे झाले तर काय कराल?" ही एक जात, तिचा पद्धतशीर वापर लॅथम आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडला. "असे झाले होते तेव्हा काय केलेत?" ही दुसरी, ती जान्झ यांनी १९८२ मध्ये पुढे आणली. दोन्हींचे मूळ फ्लॅनगन यांच्या १९५४ मधील लेखात आहे: कामातील निर्णायक प्रसंग गोळा करा आणि त्यांवरून कामाला काय लागते ते ठरवा. उमेदवाराने तेच उलट्या बाजूने करावे. जाहिरात समोर घ्या, तिच्यातील प्रत्येक अपेक्षेखाली रेघ ओढा आणि प्रत्येक रेघेपुढे स्वतःचा एक घडलेला प्रसंग लिहा. सात-आठ प्रसंग भरतात. साठ उत्तरांपेक्षा आठ प्रसंग हाताशी असलेले बरे, कारण प्रसंग कोणत्याही बाजूने विचारला तरी तोच राहतो. उत्तर मात्र एकाच प्रश्नाला चिकटलेले असते. आपल्या बहिणीने तेच सिद्ध केले.

दुपारची_झोप

कर्त्याला बाजूला ठेवण्याचा मुद्दा वाचून आत्ताच माझा अर्ज उघडून पाहिला. त्यात एकोणीस वाक्ये आहेत आणि "मी" एकदाही नाही. अर्ज कोणी केला आहे याचा तपास करण्यात येत आहे.

काठावरची

जुना_पारखी, मनापासून आभार. आजच जाहिरात घेऊन बसले आणि आठ नाही, पण सहा प्रसंग निघाले.

मात्र एक अडचण सांगते. "आम्ही" म्हणताना मी काही लपवत नसते. काम खरोखरच सहा जणांचे असते. वर्षअखेरीच्या मोजदादीला रात्री दोन वाजेपर्यंत खोकी उतरवून घेणारी माणसे दुसरी होती. मी तक्ता हातात धरून उभी होते. तिथे "मी केले" म्हटले की जीभ अडखळते, दुसऱ्याच्या ताटातले उचलल्यासारखे वाटते.

परतीचा_पाऊस

ही अडखळ चांगल्या माणसांना होते, तेव्हा तिचा राग करू नये. मला एका सहकारिणीने सुचवलेला तोडगा असा: प्रसंगातील प्रत्येक क्रियापदाला त्याचा खरा कर्ता द्यावा. "खोकी त्यांनी उतरवली, कोणत्या रांगेपासून सुरुवात करायची ते मी ठरवले, दोन मोजण्या जुळल्या नाहीत तेव्हा तिसरी मोजणी मी स्वतः केली." यात कोणाचे काही चोरले जात नाही, उलट इतरांचे श्रेय अधिक स्पष्टपणे त्यांच्या पदरात पडते. "आम्ही सगळ्यांनी" या शब्दांत तेही हरवतात.

माझा स्वतःचा घोटाळा वेगळा होता. घरातील आजारपणामुळे मी तीन वर्षे नोकरी सोडली होती. परतताना पहिल्या मुलाखतीत त्या खंडाविषयी विचारले, तर मी आजाराचे निदान, डॉक्टरांचे बदलणे, माझी घालमेल असे सगळे सांगत सुटले. समोरच्या भिंतीवर घड्याळ होते. बोलणे थांबवले तेव्हा सहा मिनिटे सरली होती आणि मुलाखत वीस मिनिटांची होती. त्यांनी माझ्याविषयी सहानुभूती दाखवली, नोकरी दुसऱ्याला दिली. त्यानंतर दोनच वाक्ये ठरवली: खंड कशासाठी होता, आणि त्या काळात कामाशी संबंध ठेवण्यासाठी मी काय केले. दोन वाक्ये झाली की थांबायचे. विचारणाऱ्याला अधिक हवे असेल तर तो विचारतो. बहुतेक वेळा विचारत नाही.

निळी_शाई

मूळ प्रश्नाचा "पाठांतर कच्चे आहे का" हा भाग तसाच राहिला आहे. मी शिकवण्याच्या व्यवसायात आहे, म्हणून त्यावर लिहिते.

पुन्हा पुन्हा वाचल्याने विषय आला असे वाटते, आणि फसगत तिथेच होते. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा चार सत्रे वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून पुढची तीन सत्रे कागद न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पाहिले तर वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. आपल्याकडे नऊ दिवस आहेत, पाच मिनिटे नाहीत.

तेव्हा वही वाचणे बंद करावे. प्रत्येक प्रसंगाची एक चिठ्ठी करावी आणि तिच्यावर दोन-तीन शब्दच लिहावेत. चिठ्ठी उचलावी आणि तो प्रसंग मोठ्याने, दोन मिनिटांच्या आत सांगावा. उद्या तोच प्रसंग दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगावा, परवा तिसऱ्या. शब्द दर वेळी वेगळे आले तर आनंदच मानावा. बहिणीने प्रश्न बदलला हा खोडसाळपणा नव्हता. तो सरावाचा सर्वांत मौल्यवान भाग होता आणि तिला तसे सांगून आणखी काम द्यावे.

फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकावे, हेही सुचवते, पण मन घट्ट करून. मी माझे पहिले मुद्रण ऐकले तेव्हा चार मिनिटांत तेवीस वेळा "म्हणजे" म्हटले होते. त्यापैकी एकदाही काही "म्हणजे" काही नव्हते.

ताठ_कणा

शंकासुर यांच्या प्रतिसादानंतर शोध घेतला. आकड्यांबाबत माझी चूक होती, ती मान्य करतो. पण घाबरून गेलेल्या माणसाला आठ प्रसंग आठवणार तरी कसे, हा माझा मूळ मुद्दा अजून उभा आहे.

दोन_पावले_मागे

ताठ_कणा यांचा मुद्दा मला पटतो, कारण मी त्या वाटेने जाऊन आलो आहे. व्हिडिओवर मुलाखत होती. विसरू नये म्हणून लॅपटॉपच्या पडद्याच्या कडांना मी पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या होत्या: डावीकडे पाच, उजवीकडे चार. तिसऱ्या प्रश्नाला मुलाखत घेणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारले, "तुमच्या खोलीत आणखी कोणी आहे का?" माझी नजर टेनिसचा सामना पाहत असल्यासारखी फिरत होती. मी "नाही, नाही" म्हणत असतानाच कॅमेऱ्याच्या वरची चिठ्ठी सुटली आणि माझ्या चेहऱ्यासमोरून खाली गेली. तिच्यावर "शांत राहा" असे लिहिले होते.

त्यानंतरच्या वेळी मी टेबलावर एकच कागद ठेवला आणि सुरुवातीलाच सांगितले की काही आकडे समोर लिहून ठेवले आहेत, लागले तर पाहीन. त्याला कोणीही हरकत घेतली नाही.

भीतीविषयी एक वाचलेली गोष्ट उपयोगी पडली. ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये दाखवले की गाणे, भाषण किंवा गणिताच्या परीक्षेपूर्वी "मी शांत आहे" असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा "मी उत्साहात आहे" असे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस झाली. छाती धडधडत असताना शांत होणे हा लांबचा पल्ला आहे. त्याच धडधडीला दुसरे नाव देणे जवळचे. माझ्या चिठ्ठीवर चुकीचे वाक्य होते, असे आता म्हणता येईल.

शंकासुर

जुना_पारखी यांच्या आकड्यांपुढे "सोडत" हा शब्द मागे घेतो आणि "आखीव असेल तर" एवढी अट जोडतो. समोरची मुलाखत कोणत्या जातीची निघेल हे उमेदवाराच्या हातात नसते, ही तक्रार कायम.

अवांतर: कोड्यांची आठवण झाली. बसमध्ये गोल्फचे किती चेंडू मावतील, अशा प्रश्नांसाठी गूगल एके काळी प्रसिद्ध होते. २०१३ मध्ये त्यांच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लास्लो बॉक यांनीच सांगून टाकले की अशा कोड्यांतून कोण चांगले काम करील हे काहीही कळत नाही. विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखे वाटते, एवढेच. ही खोड जुनी आहे. १९२१ मध्ये थॉमस एडिसन उमेदवारांना सामान्यज्ञानाच्या सुमारे दीडशे प्रश्नांची यादी देत असत आणि ती वृत्तपत्रांत फुटली तेव्हा मोठा गाजावाजा झाला. त्याच सुमारास बॉस्टनला आलेल्या आइनस्टाइन यांना त्यातील ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारला गेला, तर पुस्तकात सहज सापडणारी माहिती आपण डोक्यात बाळगत नाही, असे ते म्हणाले.

दुपारची_झोप

म्हणजे आइनस्टाइन नापास. माझ्या मनाला फार धीर आला.

अर्धविराम

दोन प्रश्नांची तयारी जवळजवळ सगळे जण वाईट करतात, म्हणून त्यांच्याविषयीच लिहितो.

पहिला, तुमचा कमकुवत दुवा कोणता? "मला प्रत्येक काम परिपूर्णच लागते" हे उत्तर आता इतके झिजले आहे की ते ऐकताच समोरची माणसे एकमेकांकडे पाहतात. माझ्या मते येथे खरा, पण या कामाशी संबंध नसलेला दोष सांगून मोकळे व्हावे.

दुसरा, "तुम्हाला काही विचारायचे आहे का?" याला "नाही, सगळे स्पष्ट आहे" म्हणणे म्हणजे मिळालेली पाच मिनिटे परत करणे. या जागेवर आधी कोण होते आणि ती व्यक्ती कुठे गेली, पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय झालेले दिसायला हवे, हे दोन प्रश्न मी नेहमी विचारतो. पहिल्या प्रश्नाला तिघांनी तीन वेगळी उत्तरे दिली होती, अशा एका ठिकाणी मी गेलो नाही, आणि त्याचा पश्चात्ताप नाही. वेतनाचा आकडा मात्र घरून ठरवून जावा, आणि तो सांगून झाल्यावर गप्प बसावे. त्या शांततेत माणसे स्वतःच स्वतःचा आकडा कमी करतात.

जुना_पारखी

अर्धविराम, कमकुवत दुव्याबाबत असहमत आहे. कामाशी संबंध नसलेला दोष सांगणे ही पळवाट आहे, आणि ती आम्हाला ओळखू येते. "मला लोकांसमोर गाता येत नाही" याचे मी त्या चार ओळींत काय लिहू? कामातलाच दोष सांगावा, तो कशामुळे लक्षात आला ते सांगावे आणि तेव्हापासून काय वेगळे करता ते सांगावे. तिसरा भाग नसेल तर पहिले दोन सांगू नयेत, इतके मान्य.

काठावरची

आज पाचवा दिवस. चिठ्ठ्या केल्या आहेत. सतराव्या प्रश्नाचा प्रसंग येथेच लिहिते. कोणी उलटतपासणी घेतली तर उपकार होतील.

चार वर्षांपूर्वी एका मालाचा संगणकावरील साठा आणि प्रत्यक्ष साठा यांत ३१२ नगांचा फरक आला. चोरीचा संशय घेऊन दोन जणांची विचारपूस सुरू झाली होती. मी गेल्या तीन महिन्यांच्या आवक पावत्या काढून एकेक ओळ ताडून पाहिली. एका पुरवठादाराने मधूनच पेटीऐवजी नगांत हिशेब द्यायला सुरुवात केली होती. पेटीत बारा नग. २६ पेट्या आमच्याकडे ३१२ पेट्या म्हणून चढल्या आणि पुढच्या दुरुस्तीत कोणीतरी त्या वजा करून २६ पेट्या चढवल्या, पण ३१२ नगही वेगळे धरले, त्यातून हा घोळ. मी आवक नोंदीच्या पडद्यावर एककाचा रकाना सक्तीचा करून घेतला. त्यानंतर तसा फरक पुन्हा आला नाही.

जुना_पारखी

प्रसंग उत्तम आहे आणि कर्ता जागेवर आहे. आता टेबलापलीकडून तीन प्रश्न. "कोणीतरी" म्हणजे कोण? पावत्या ताडून पाहायचे तुम्हाला कशावरून सुचले? आणि कारण सापडल्यावर ते वरिष्ठांना तुम्ही किती वेळाने सांगितले?

काठावरची

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. दुरुस्ती माझ्या गटातील नव्या मुलाने केली होती आणि त्याला एककांचा फरक मी समजावून दिला नव्हता. पावत्यांचे सुचले ते आकड्यामुळे. ३१२ ला बाराने नेमका भाग जातो.

तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र संध्याकाळभर अडकून बसले. मी दोन दिवसांनी सांगितले. खात्री करून घेत होते, असे मी आजवर स्वतःला सांगत आले. पण खात्री पहिल्याच संध्याकाळी झाली होती. मला पूर्ण तक्ता, दुरुस्तीसह, एकदम समोर ठेवायचा होता. त्या दोन दिवसांत संशयाखाली असलेली दोन माणसे कामावर येत होती आणि कोणी त्यांच्याशी धड बोलत नव्हते. साठ उत्तरांच्या वहीत यातले काहीही नाही.

परतीचा_पाऊस

कमकुवत दुव्याची चिठ्ठी सापडली म्हणायची. ती जपून, पण न सजवता सांगा.

निळी_शाई

आणि दोन मिनिटांत सांगा. लिहिलेल्या रूपात ती तीन मिनिटांची आहे, मोजून पाहिली.

काठावरची

मुलाखत काल झाली. आधी धाग्याचे देणे फेडते, म्हणून तपशील लिहिते.

समोर तिघे होते आणि तिघांपुढे कागद होते. पन्नास मिनिटे चालली. वहीतील साठांपैकी एकही प्रश्न वहीतल्या शब्दांत आला नाही. "आपल्या निर्णयामुळे दुसऱ्याला त्रास झाला, असा प्रसंग सांगा" असे मधल्या गृहस्थांनी विचारले, तेव्हा ३१२ ची चिठ्ठी हातात आली. दोन दिवसांचा उशीरही सांगितला, आणि आता कारण सापडले की तक्ता अपुरा असला तरी त्याच दिवशी तोंडी सांगते, हेही सांगितले. डावीकडच्या बाई इतका वेळ मान वर करून ऐकत होत्या. येथे त्या खाली पाहून लिहू लागल्या. चांगले लिहिले की वाईट, कोण जाणे. पण चार ओळी भरल्या.

मागणीच्या अंदाजाविषयी एक प्रश्न आला, तो मला अजिबात आला नाही. हे काम मी केलेले नाही, असे सांगितले आणि आमच्याकडील मागच्या दोन वर्षांच्या जावक नोंदींपासून कशी सुरुवात करीन ते सांगितले. बाईंनी पुढचा प्रश्न त्याच्याच पुढे विचारला, तोही आला नाही. तिथे गुण गेले असावेत. वेतनाचा आकडा सांगून गप्प बसले. अर्धविराम, ती शांतता आपण वर्णन केलीत त्याहून लांब असते. "आधी कोण होते" याचे उत्तर तिघांनी एकच दिले. "म्हणजे" किती वेळा म्हटले ते मोजायचे राहिले.

दहा दिवसांत कळवतो म्हणाले आहेत.

ताठ_कणा

आत जाण्यापूर्वी उभ्या राहिला होतात का, खरे सांगा.

काठावरची

प्रसाधनगृहात, दीड मिनिट. शंकासुरांना सांगू नये.

दुपारची_झोप

माझी मुलाखत येत्या मंगळवारी आहे. प्रसंग जमवले आहेत, चिठ्ठ्या केल्या आहेत, अर्जात "मी" अकरा वेळा घातला आहे. धागाकर्तीला एकच विनंती: वही नको, पण बहीण दोन दिवस उसनी मिळेल का?

काठावरची

विचारले. रविवारी संध्याकाळी फोनवर मोकळी आहे. प्रश्नांची यादी तिला आधी पाठवू नका, ती वाचत नाही.